‘इंडिया’ नावाची जाहिरात

झाडीपट्टीत धान घरात आले की शंकरपटांचे दिवस येतात. दिवसा पट, रात्री नाटक. सिंदेवाहीच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, एसटीच्या थांब्यावर या दिवसांत पटाची जी पाम्प्लेटे हाती पडतात, त्यांचा अर्धा कागद नावांनी भरलेला असतो : उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, त्याखाली पहिले बक्षीस कोणाकडून, दुसरे कोणाकडून. साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आमच्या मंडळींना या नामावळीचे हसू येते. आम्हीही हसलो आहोत. परंतु त्याच मंडळींनी, आणि त्यांच्यासोबत आम्हीही, दहा वर्षे एक दुसरा मजकूर कसलीही शंका न घेता वाचला; त्याबद्दल आज भांडायचे आहे.

तो मजकूर कागदावर नव्हता, एका शर्यतीच्या मोटारीवर होता. ‘फोर्स इंडिया’ हा फॉर्म्युला वनमधील संघ २००८ ते २०१८ या काळात धावला. ‘आपला संघ’ हा शब्दप्रयोग त्या वर्षांत मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर आणि प्राध्यापकांच्या खोलीतही सहज ऐकू येत असे. ‘आपला’ म्हणजे कोणाचा, हा प्रश्न कोणी विचारला नाही. कवितेतील ‘मी’ कोणाचा, कादंबरीतील निवेदक कोणाच्या बाजूने बोलतो, यावर तासन्‌तास चर्चा करणाऱ्यांना हा सर्वनामाचा प्रश्न सुचू नये, ही गोष्ट साधी नाही.

मूळ हकिकत थोडक्यात सांगतो. आयर्लंडच्या एडी जॉर्डन यांनी काढलेला संघ १९९१ पासून या शर्यतींत होता. तो आधी मिडलँड झाला, मग स्पायकर झाला आणि २००७ च्या ऑक्टोबरात विजय मल्ल्या व डच उद्योजक मिखिल मोल यांनी विकत घेतल्यावर फोर्स इंडिया झाला. कारखाना इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे होता, तेथेच राहिला. इंजिन पहिल्या वर्षी फेरारीचे, २००९ पासून मर्सिडीजचे, गिअरबॉक्स काही वर्षे मॅक्लारेनकडून. चालक इटलीचे, जर्मनीचे, ब्रिटनचे, मेक्सिकोचे, फ्रान्सचे. संघाच्या साऱ्या हयातीत एकाही भारतीय चालकाने त्याच्या मोटारीतून ग्रां प्री शर्यत लढवली नाही. नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमधील पहिला भारतीय चालक; तो २००५ साली ज्या संघातून उतरला तो हाच, तेव्हाचा जॉर्डन. म्हणजे सिल्व्हरस्टोनच्या त्या कारखान्यातून भारतीय माणूस निघाला तेव्हा नावात ‘इंडिया’ नव्हते, आणि नावात ‘इंडिया’ आले तेव्हा मोटारीत भारतीय माणूस नव्हता.

येथे एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. तो संघ वाईट नव्हता; उलट फार चांगला होता. २००९ च्या ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या स्पा येथे जियानकार्लो फिसिकेलाने सर्वांत पुढून सुरुवात केली आणि दुसरा क्रमांक मिळवला. (लगेच पुढच्या शर्यतीला फेरारीने त्याला उचलून नेले.) २०१६ आणि २०१७ या दोन्ही वर्षी हा संघ बड्या कारखान्यांच्या संघांपाठोपाठ चौथा आला, तोही त्यांच्या तुलनेने तुटपुंज्या पैशांत. सिल्व्हरस्टोनच्या अभियंत्यांचे आणि कारागिरांचे ते श्रेय आहे आणि ते हिरावून घेण्याची आमची इच्छा नाही. तक्रार मोटारीविषयी नाही, मोटारीच्या अंगावरील अक्षरांविषयी आहे.

शर्यतीच्या धंद्यात इंजिन भाड्याचे असू शकते. ज्याच्याकडे स्वतःचे इंजिन नाही त्याने हंगामाचे पैसे मोजावे आणि दुसऱ्याचे बसवावे, यात लाज नाही. ते पैसे प्रायोजकाकडून येतात, आणि प्रायोजकाला त्या बदल्यात अंग हवे असते : मोटारीचे नाक, बाजू, मागचा पंख, चालकाची छाती. फोर्स इंडियाने २००९ पासून त्या अंगावर केशरी, पांढरा आणि हिरवा रंग लावला. आम्ही त्याला तिरंगा म्हणालो. मग २०१७ साली पाणी शुद्ध करणारी एक ऑस्ट्रियन कंपनी, बीडब्ल्यूटी, प्रायोजक म्हणून आली आणि मोटार नखशिखांत गुलाबी झाली. एका हंगामात तिरंगा पुसला गेला. कोठे खेद नाही, निषेध नाही. ज्याला आम्ही ध्वज समजत होतो ती रिकामी राहिलेली जाहिरातीची जागा होती. गिऱ्हाईक मिळेपर्यंत तेथे राष्ट्र लावून ठेवले होते. त्याच सुमारास खुद्द संघाच्या नावातून ‘इंडिया’ काढण्याची चर्चा उघडपणे सुरू झाली, कारण त्या शब्दामुळे बाहेरचे प्रायोजक बिचकतात असे वाटू लागले होते.

पण गुलाबी रंगावर थांबलो तर वाचन अर्धेच होईल. तारखा पाहाव्यात. १२ ऑक्टोबर २०११ रोजी सहारा समूहाने दहा कोटी डॉलर्स देऊन या संघाचा साडेबेचाळीस टक्के हिस्सा घेतल्याची घोषणा झाली आणि मोटारीचे नाव ‘सहारा फोर्स इंडिया’ झाले. १८ ऑक्टोबरला रोखे अपील न्यायाधिकरणाने, सहाराच्या दोन कंपन्यांनी रोख्यांद्वारे गोळा केलेले पैसे गुंतवणूकदारांना परत करावेत, हा सेबीचा आदेश कायम केला. ३० ऑक्टोबरला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली भारतीय ग्रां प्री झाली. तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. वर्तमानपत्रांनी तिसरी पहिल्या पानावर छापली. पुढे ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे चोवीस हजार कोटी रुपये पंधरा टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. दुसऱ्या मालकाची कथा वेगळी नव्हती : त्याच २०१२ च्या ऑक्टोबरात किंगफिशरची विमाने जमिनीवर बसली, कर्मचाऱ्यांचे पगार कित्येक महिन्यांचे थकलेले होते, आणि मोटारीवर किंगफिशरचे नाव झळकतच होते.

ठेवीदारांचे पैसे इंजिनात गेले, असा आरोप आम्ही करत नाही. तसा पुरावा आमच्याजवळ नाही. पण रोज दहा-वीस रुपये गोळा करणारा एजंट कोणत्या दारांवरून फिरतो, हे तालुक्याच्या गावात राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. त्या दारांत उभ्या असलेल्या बाईला दिलेल्या पावतीवर जे नाव होते, तेच नाव ताशी तीनशे किलोमीटर वेगाने मोनाको आणि सिंगापूरला धावत होते. दोन ठिकाणी एकच नाव दिसले तर त्यांतला संबंध शोधणे, हेच तर आमचे शिक्षण. आम्ही दरबारी कवींचा आश्रयदाता शोधतो, ताम्रपटातील दानाचा हिशेब मांडतो. येथे मात्र आम्ही टाळ्या वाजवल्या.

आता पटाकडे वळू. पटाचे इंजिन म्हणजे बैल. ते भाड्याने आणून भागत नाही. जोड वर्षभर पोसावी लागते, धावायला शिकवावी लागते, आणि चार-दोन सेकंदांत सारा निकाल लागतो. प्रायोजक म्हणजे गावाची वर्गणी, आसपासचे पुढारी, खताचे दुकानदार, कंत्राटदार. यांतले कोणी साधुसंत नाहीत. निवडणूक जवळ आली की बक्षिसांची रक्कम फुगते, हे लहान पोरालाही कळते. पण त्या पाम्प्लेटात लपवलेले काहीच नसते. कोणी किती दिले आणि त्या बदल्यात त्याला कोणती खुर्ची मिळाली, हे छापून वाटलेले असते. त्यावर कोणी ‘सिंदेवाही’ असे लिहून साऱ्या सिंदेवाहीचा अभिमान विकायला काढत नाही.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. शेपटी पिरगाळणे, पराणी टोचणे यांविषयीचे आक्षेप खरे होते, आजही खरे आहेत. पटाचा कैवार घेताना ते गिळून टाकणे आम्हाला मान्य नाही. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याची कायदादुरुस्ती वैध ठरवली. मधल्या साडेसात वर्षांत पट हे मागासलेपणाचे लक्षण असल्याचे आम्हाला आमच्याच वर्तुळात वारंवार ऐकवले गेले. गंमत अशी की, फॉर्म्युला वन हा खेळ नसून मनोरंजनाचा व्यवसाय आहे, असे केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २००९ मध्येच म्हटले होते. ते वाक्य कोणाच्या लक्षात राहिले नाही.

संघाचा शेवटही वाचण्याजोगा आहे. २०१८ च्या जुलैत त्याला लंडनच्या न्यायालयाने प्रशासकाच्या हाती सोपवले. अर्ज करणारा होता संघाचाच चालक सर्जिओ पेरेझ, ज्याचे मानधन थकले होते. त्याला पाठिंबा देणारे होते इंजिन पुरवणारे मर्सिडीज आणि गुलाबी रंगवाले बीडब्ल्यूटी. चालक, इंजिन आणि प्रायोजक असे तिघे धनको म्हणून एका बाजूला आले, आणि त्यामुळेच चारशेवर कामगारांच्या नोकऱ्या वाचल्या. नवे मालक कॅनडाचे लॉरेन्स स्ट्रोल आणि त्यांचे सहकारी. ‘इंडिया’ हा शब्द त्या हंगामापुरता नावात लटकत राहिला आणि २०१९ मध्ये गळून पडला. २०२१ पासून तोच संघ ॲस्टन मार्टिन या नावाने, हिरव्या रंगात धावू लागला.

सहारा समूहाच्या चार सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठी केंद्र सरकारने १८ जुलै २०२३ रोजी परताव्याचे पोर्टल सुरू केले. त्यासाठी आधार कार्डाला जोडलेला मोबाइल आणि आधाराशी जोडलेले बँक खाते लागत होते. पहिल्या टप्प्यात एका ठेवीदाराला जास्तीत जास्त दहा हजार रुपये मिळायचे होते.