तेलाचे हात

गेल्या गणेशोत्सवात दिल्लीतील एका मंडळाच्या मांडवात गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव चालला होता. नाव पुकारले जाई, टक्क्यांचा आकडा पुकारला जाई, टाळ्या पडत आणि नारळ हाती येई. चौथ्या की पाचव्या विद्यार्थ्यावर ध्वनिक्षेपक मुका झाला. अध्यक्ष बोलत राहिले. त्यांचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. तेव्हा मागल्या रांगेतून एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा उठला, यंत्राच्या पेटीपाशी उकिडवा बसला, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून त्याने झाकण उघडले, कुठलीशी सुटलेली तार जागेवर बसविली आणि पाच मिनिटांत अध्यक्षांना त्यांचा आवाज परत दिला. अध्यक्षांनी ‘तांत्रिक व्यत्ययाबद्दल’ सभेची क्षमा मागितली व समारंभ पुढे चालू झाला. मुलगा हात पुसत जागेवर जाऊन बसला. त्याचे वडील एका मंत्रालयात कक्षाधिकारी आहेत. आम्ही त्यांना विचारले, “चिरंजीव काय करतात?” “तो जरा टेक्निकल साइडला आहे,” एवढे म्हणून त्यांनी विषय थोरल्या कन्येच्या स्पर्धापरीक्षांकडे वळविला. आपण आयटीआयमध्ये शिकतो, हे त्या मुलानेच नंतर चहाच्या वेळी आम्हांस सांगितले. आणि सांगण्यापूर्वी त्याने एकदा वडिलांकडे पाहून घेतले.

त्या एका नजरेने आम्हांस हा लेख लिहावयास लावले. दिल्लीत बदलून आलेली आम्ही मराठी अधिकारी मंडळी देशाच्या मनुष्यबळाची चिंता कार्यालयात रोज वाहतो. 1961 च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यावरील टिपणे, 2014 साली कौशल्यविकासासाठी निघालेले स्वतंत्र मंत्रालय, 2015 चे कौशल्य भारत अभियान, या सर्वांच्या फायलींवर आमच्यापैकी कोणाची ना कोणाची आद्याक्षरे आहेतच. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र ‘कौशल्य’ हा शब्द आम्ही बुटांबरोबर दाराशी काढून ठेवतो. तो दुसऱ्याच्या मुलांसाठी आहे. स्वतःच्या मुलांसाठी आमच्यापाशी ‘करिअर’ हा निराळा शब्द आहे, आणि या दोन शब्दांची गाठ पडू नये अशी दक्षता आम्ही घेत असतो.

वाङ्‌मयाला वाहिलेल्या मासिकात हा लोखंडाचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्यांना आम्ही आठवण देतो की, मराठीतील एक मोठे मासिक कारखान्यातच जन्मले. 1920 साली किर्लोस्करवाडीस ‘किर्लोस्कर खबर’ निघाली तेव्हा तिच्यात नांगराच्या फाळाचा गंध होता, आणि त्यामुळे तिची रसिकता काही कमी झाली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक होते. बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, बेळगावास सायकलींचे दुकान काढले आणि 1910 साली औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभारला. आमच्यापैकी कोणाची बढती डावलली गेली म्हणजे आम्ही काय करतो? निवेदन लिहितो. सयाजीरावांनी बडोद्यास 1890 साली कलाभवन स्थापिले, ते तर महाराष्ट्राबाहेरच. दादासाहेब फाळके तेथे शिकून गेले. परमुलखातील मराठी माणसाने यंत्रविद्येकडे पाठ फिरवावी, ही आपली परंपरा खचित नव्हे.

आता मुलांना विज्ञानाची ओळख आम्ही कशी करून देतो ते पाहावे. दिल्लीसारखे शहर यासाठी दुसरे नाही. एकट्या पुसा परिसरात कृषिसंशोधन संस्था आहे, राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आहे आणि आयटीआयही आहे. भौतिकी प्रयोगशाळेत देशाची प्रमाणवेळ राखली जाते. 2019 साली किलोग्रॅमची व्याख्या बदलेपर्यंत ज्याच्याशी या देशातील प्रत्येक वजनाचे नाते शेवटी जाऊन भिडत असे, तो 57 क्रमांकाचा प्लॅटिनम-इरिडियमचा किलोग्रॅम याच प्रयोगशाळेच्या ताब्यात आहे. मतदानाच्या वेळी आपल्या बोटाला लागणारी न पुसणारी शाई येथेच सिद्ध झाली व 1962 च्या निवडणुकीपासून वापरात आली. ती शाई बोटावर मिरविणाऱ्या किती मराठी घरांतील मुलांनी ती वास्तू आतून पाहिली आहे? त्यांना विज्ञानाची ओळख होते ती कालूसरायच्या शिकवणीवर्गांत, जेथे विज्ञान म्हणजे चार पर्यायांतील एक. मुलगा आयआयटीत गेला तर पेढे, आणि आयटीआयमध्ये गेला तर मौन. अक्षरे तीच, केवळ जागा बदलल्या, आणि बापाची मान खाली गेली! ज्या मेट्रोने आम्ही दररोज कार्यालय गाठतो तिची दुरुस्ती व देखभाल ठेवणारे फिटर व इलेक्ट्रिशियन आयटीआयतूनच आलेले असतात, हे गाडी वेळेवर येत असल्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाही.

परंतु आमची खरी लाज पुसामध्ये नाही. ती करोलबागेत आहे.

करोलबागेच्या गल्ल्यांत सोने-चांदी गाळणारी मराठी मंडळी आहेत. खानापूर, आटपाडी, तासगाव हा सांगली जिल्ह्यातील दुष्काळी मुलूख. तेथून बाहेर पडून हे गलाई बांधव हिंदुस्थानातील गावोगावच्या सराफबाजारांत पोहोचले, तसे दिल्लीलाही आले. त्यांची विद्या अशी : जुन्या दागिन्यातील सोन्यात आणखी चांदी मिसळून ते वितळवावयाचे, त्याचा पातळ पत्रा किंवा दाणे करावयाचे आणि नायट्रिक आम्लात उकळावयाचे. चांदी विरघळून जाते. सोने तळाशी तपकिरी भुकटीच्या रूपाने उरते. मग त्या द्रवात तांब्याचा पत्रा सोडला की विरघळलेली चांदी पुन्हा बाहेर येते आणि द्रव निळा होतो. आमची मुले शाळेत हेच ‘विस्थापन अभिक्रिया’ या नावाने घोकतात. समीकरण तोंडपाठ, आणि निळा रंग मात्र पुस्तकातील चित्रात पाहिलेला. इकडे भाषा तीच बोलणारा, गणपती तोच बसविणारा एक माणूस मेट्रोच्या काही स्थानकांवर रोज ती अभिक्रिया घडवून तिच्यावर प्रपंच चालवितो, आणि त्याच्या दुकानाची पायरी आमच्यापैकी कोणी चढला असेल तर तो वर्गणीच्या पावत्या घेऊन!

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. त्या आम्लातून निघणारा तांबूस धूर विषारी असतो. तो श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना इजा होते, आणि कधी कधी ती काही तासांनी उघडकीस येते. भट्टी लहानशा खोलीत असली म्हणजे धुराला वाट ती किती मिळणार? धूर पंख्याने ओढून क्षाराच्या पाण्यातून नेण्याची सोय करणे हे रसायन-अभियंत्याला नवे नाही. आमच्या समाजात असे अभियंते आहेत. काही तर दिल्लीतच निवृत्त होऊन व्याख्यानमालांचे अध्यक्षपद भूषवीत आहेत. आणि त्या गलाई बांधवाच्या घरात जे मूल धातूचा रंग पाहून कस ओळखावयास शिकते, त्याला धातुशास्त्र नावाचे एक शास्त्र आहे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ते शिकवितात, त्यावर उत्तम आयुष्य उभे राहू शकते, हे कोणी सांगितले आहे काय? हाताला शास्त्र भेटत नाही, शास्त्राला हात भेटत नाही. आणि ही दोघे एकाच मांडवात, निरनिराळ्या रांगांत, मोदक खात बसलेली असतात.

ही फूट काही आजची नव्हे, आणि तिच्यावरील उपायही नवे नाहीत. 1937 साली वर्ध्यास गांधीजींनी शिक्षण-परिषद भरविली. हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना आखण्यासाठी तिने समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद दिल्लीच्या जामियाचे डॉ. झाकीर हुसेन यांच्याकडे गेले. पुढे 1964 ते 1966 च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा सर्व शिक्षणाचा अविभाज्य भाग व्हावा असे सांगितले; त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे, म्हणजे दिल्लीत काम करणारे मराठी अधिकारीच. शाळाशाळांतून त्या कार्यानुभवाचे काय झाले ते वाचकांस आठवत असेल : रुमालाला टाके, खडूच्या पेट्या, आणि वार्षिक तपासणीच्या दिवशी बाजारातून विकत आणलेली परडी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बाराव्या पंचवार्षिक योजनेतील आकडे उद्‌धृत केले आहेत. 19 ते 24 वयाच्या कामकऱ्यांपैकी रीतसर व्यवसायशिक्षण मिळालेले भारतात पाच टक्क्यांहून कमी, जर्मनीत 75 टक्के, दक्षिण कोरियात 96 टक्के. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ काम शिकावे, असे त्याच धोरणात लिहिले आहे. सुताराजवळ आमचे मूल दहा दिवस बसलेले आम्हांला चालेल काय? आमचा कयास असा की, त्या दहा दिवसांसाठी आजारपणाचा दाखला मिळतो का, याची चौकशी आधी होईल.

येथे एका आक्षेपाला आम्ही मान तुकवितो. ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या जातीने हातोडा व रापी दिली आणि पुस्तक हिरावून घेतले, त्यांच्या नातवंडांना हस्तोद्योगाचा महिमा ऐकविण्याचा अधिकार आम्हांस नाही. मद्रासेत 1953 साली शाळेचा वेळ घटवून उरलेल्या वेळात मुलांना घरच्या धंद्यात गुंतविण्याची योजना निघाली. ती जातीचेच शिक्षण ठरेल म्हणून लोकांनी हाणून पाडली, आणि योग्यच केले. त्या घरांतील मुलांनी लेखणी धरावी, सचिव व्हावे. आमचा हा लेख त्यांच्यासाठी नव्हेच. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणाच्या नखात वंगण गेले नाही, त्या घरांना उद्देशून तो आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे : “आयटीआय करून मिळते काय?” फारसे मिळत नाही, हे खरे. 2019 च्या नियमांनी शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा 5,000 ते 9,000 रुपयांच्या दरम्यान ठरविले होते. मोठ्या शिकवणीवर्गाची एका वर्षाची फी त्या मुलाच्या वर्षभराच्या विद्यावेतनालाही मागे टाकते. पण ते आकडे आकाशातून पडले काय? मसुदा अधिकाऱ्यानेच केला, टिप्पणी अधिकाऱ्यानेच लिहिली, वित्त विभागाचा अभिप्राय अधिकाऱ्यानेच दिला. जो तो मसुदा करतो त्याचाच मुलगा त्या रकमेवर राबणार असता, तर शून्ये कदाचित वाढली असती.

उपाय शोधावयास जर्मनीस जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळपर्यंत गेले तरी पुरे. डॉ. कलबाग हे शिकागोचे विद्यावाचस्पती, मोठ्या कंपनीतील संशोधक. 1983 साली त्यांनी पाबळच्या दुष्काळी माळावर विज्ञान आश्रम काढला आणि शाळेच्या मुलांना आठवड्यातील एक दिवस वेल्डिंग, विजेची जोडणी, शेती-पशुपालन व आरोग्य-तपासणी अशी कामे शिकविली. मुले ती कामे गावासाठी करीत व त्याचे दाम घेत. त्यातली मेख या दामात आहे : ज्या फाटकाचे पैसे घ्यावयाचे त्याचा कोन चुकून चालत नाही, आणि कोन चुकू नये म्हणून भूमिती शिकावी लागते. हा अभ्यासक्रम महाराष्ट्रातील अनेक शाळांत पोहोचला. दिल्लीत तो कोणी आणला नाही. आमच्या मंडळांनी दरवर्षी महाराष्ट्रातून गायक आणले, वक्ते आणले, हापूस आणला.

शासकीय सोयींचीही वाण नाही. बदलीच्या नोकऱ्या करणाऱ्यांच्या मुलांसाठी 1963 पासून केंद्रीय विद्यालये आहेत. 2017 साली ‘जिज्ञासा’ या योजनेने ती 38 राष्ट्रीय प्रयोगशाळांशी जोडली गेली. 2016 पासून अटल प्रयोगशाळांसाठी शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते. अशा एका शाळेत आम्ही गेलो होतो. त्रिमिती छपाईचे यंत्र चकचकीत होते. त्याची तार गुंडाळून रबराने बांधलेली होती. “साहेब तपासणीला येतात तेव्हा लावतो,” असे शिपायाने सांगितले. ते साहेब म्हणजे आम्हीच.

भाषेविषयीही दोन शब्द. महाराष्ट्रातील आयटीआयमध्ये फिटरला जोडारी, टर्नरला कातारी, वेल्डरला संधाता, वायरमनला तारतंत्री म्हणतात. किती नेटके शब्द! दिल्लीत मराठी टिकावी म्हणून आम्ही ठराव करतो; पण ज्याच्या घरी यांतील एकही शब्द रोजच्या बोलण्यात येत नाही, त्याची मराठी ही सणावाराची मराठी होय.

आम्ही मंडळांपुढे तीन गोष्टी ठेवीत आहोत. 26 सप्टेंबर हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा स्थापनादिन. त्या सुमारास तिच्या प्रयोगशाळा विद्यार्थ्यांसाठी खुल्या असतात, तेव्हा एक बस करून मुलांना पुसास न्यावे. करोलबागेतील एखाद्या गलाई बांधवास, त्याची इच्छा असल्यास, मंडळाच्या व्यासपीठावर मुख्य वक्ता म्हणून बसवावे, आणि त्याच दिवशी एखाद्या निवृत्त अभियंत्याने त्याच्या भट्टीवर जाऊन धुराच्या सोयीचा आराखडा करून द्यावा. मानधन दोघांनाही सारखे असावे. तिसरी गोष्ट गुणगौरवाच्या अर्जाची. त्यात आज नाव, शाळा, इयत्ता आणि टक्के एवढेच रकाने आहेत. ‘स्वतः तयार केलेली अथवा दुरुस्त केलेली वस्तू’ असा एक रकाना वाढवावा. यंदाच्या उत्सव-समितीची पहिली बैठक होण्यापूर्वी या अर्जाचा सुधारलेला नमुना तिच्या हाती पडेल, अशी व्यवस्था आम्ही केली आहे. सूचक म्हणून त्यावर आमची सही आहे आणि अनुमोदक म्हणून त्या कक्षाधिकाऱ्यांची मागितली आहे. त्यांनी अद्याप कळविलेले नाही.