काय लिहूं, आजोबा ?

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे लोणी भापकरच्या आमच्या घरांत माणसांची संख्या एकदम दुप्पट होते. पुण्याहून, बारामतीहून पुतणे, सुना, नातवंडें येतात. माजघरांत अंथरुणें पुरत नाहींत. चार दिवस मौजेंत जातात, पांचव्या दिवशीं कंटाळा येतो आणि सहाव्या दिवशीं भांडणें सुरू होतात. हा अनुभव आमच्या वाचक कुटुंबांस नवा नसेल. यंदां आम्हीं सहाव्या दिवसाची वाट न पाहतां सर्व मुलांस ओसरीवर बसविलें व सांगितलें कीं, मृग निघण्यापूर्वीं आपल्या घराचें एक हस्तलिखित मासिक तयार झालें पाहिजे. प्रत्येकानें एक लेख, गोष्ट अथवा कविता द्यावी, आणि ती स्वतःची असावी.

कल्पना सर्वांस आवडली. परंतु वह्या हातीं येतांच सर्वांच्या तोंडीं एकच प्रश्न आला : "काय लिहूं, आजोबा ?" एका चिरंजीवांनीं तर वहीस हात न लावतां मोबाईलला विषय सांगितला आणि क्षणार्धांत 'उन्हाळ्याची सुटी' या विषयावरील दोन पृष्ठांचा निबंध आम्हांस वाचून दाखविला. भाषा शुद्ध होती. त्यांत आंबराई होती, कोकिळा होती, मामाचें गांव होतें आणि झुळझुळणारा ओढाहि होता. आम्हीं विचारलें, "बाळ, आपल्या गांवीं वैशाखांत झुळझुळणारा ओढा तूं कोठें पाहिलास ?" तो हंसला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच.

विषय सुचत नाहीं ही तक्रार नवशिक्या लेखकांची नेहमींची आहे. तिच्या मुळाशीं बहुधा एक समजूत असते. ती ही कीं, लेखनाचा विषय म्हणजे कांहींतरी अपूर्व, दूरचें व भव्य असावयास पाहिजे. या समजुतीवर उतारा म्हणून आम्हीं मुलांस आमच्याच तालुक्यांतील एका थोर पुरुषाची कथा सांगितली. मोरोपंतांचा जन्म १७२९ सालचा, पन्हाळ्याचा. परंतु त्यांचें कवित्व फुललें तें बारामतीस, बाबूजी नाइकांच्या आश्रयानें, कऱ्हेच्या कांठीं. तेथेंच १७९४ मध्यें त्यांनीं देह ठेविला. या कवीनें रामायण किती वेळां लिहिलें असेल ? परंपरा सांगते, एकशें आठ वेळां ! कथा तीच, राम तोच, रावण तोच. विषयाच्या शोधांत पंत कोठेंहि गेले नाहींत. मात्र प्रत्येक वेळीं त्यांनीं स्वतःस एक नवें बंधन घालून घेतलें. त्यांच्या 'निरोष्ठ रामायणां'त ओठ मिटून उच्चारावयाचीं अक्षरें वर्ज्य आहेत. म्हणजे 'म' नाहीं. आणि 'म' नाहीं तर 'राम' हें नांवहि घेतां येत नाहीं! आतां ज्या कवीस रामायणांत रामाचें नांव घेण्याची बंदी, त्यास रामाकडे किती बाजूंनीं पाहावें लागलें असेल, याचा विचार करा. मुलांनीं लागलीच ओठ न मिटतां बोलण्याचा खेळ मांडला आणि घरांत अर्धा तास मोठी गंमत झाली.

यावरून आम्हीं त्यांस पहिला नियम घालून दिला : विषय लहान करा. 'आमचें गांव' नको, गांवांतील एक दगड घ्या. 'पाऊस' नको, पागोळीखालचें एक भांडें घ्या. आठ वर्षांच्या धाकट्या नातवानें हा नियम शब्दशः पाळला. आमच्या गांवच्या पुष्करणीच्या परिसरांत यज्ञवराहाची प्राचीन पाषाणमूर्ति आहे; तिच्या अंगावर लहान लहान मूर्ति कोरलेल्या आहेत. स्वारीनें त्या मोजावयास घेतल्या. तीन वेळां मोजल्या आणि तीन निराळ्या संख्या आल्या. त्याच्या लेखाचें नांव 'मोजणीचा घोळ'. वर्षानुवर्षें त्या मूर्तीस नमस्कार करणाऱ्या आम्हांसहि त्यानें दाखविलेल्या दोन मूर्ति नव्या होत्या.

दुसरा नियम असा कीं, ठाऊक नसेल तें विचारा, आणि घरांतल्याच माणसांना विचारा. लक्ष्मीबाई टिळकांनीं कोणत्याहि शाळेचें शिक्षण घेतलें नव्हतें. तरी १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलेलीं त्यांचीं 'स्मृतिचित्रें' मराठी गद्याचें भूषण ठरलीं. त्यांत आहे काय ? वडिलांचें कडक सोवळें, घरांतील माणसें, संसारांतील ओढाताण. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली, तीहि घरच्याच आठवणींवर. हेच गुरुजी अमळनेरच्या छात्रालयांत मुलांसाठीं 'छात्रालय' नांवाचें हस्तलिखित दैनिक चालवीत. मासिक नव्हे, दैनिक ! आमच्या ओसरीवरील मंडळींस महिन्यांत एक अंक काढावयाचा होता.

आमच्या बारा वर्षांच्या नातीनें हा दुसरा नियम घेतला आणि ती आमच्या धाकट्या बहिणीपुढें जाऊन बसली. तिनें सरळ विचारलें, "आत्याआजी, तुम्हीं शाळा कां सोडली ?"

स्वयंपाकघरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. एक सूनबाई हळूच म्हणाल्या, "अग, असलें विचारूं नये." परंतु बहिणीनें हातांतील परात खालीं ठेविली आणि सांगावयास सुरुवात केली. १९७२ चा दुष्काळ. आमचा भाग मुळांतच अवर्षणाचा. त्या वर्षीं आड आटले, गुरें विकलीं गेलीं, माणसें खडी फोडण्याच्या कामावर गेलीं. मे १९७३ मध्यें महाराष्ट्रांत सुमारें ५० लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं, असें सरकारी आंकडे सांगतात. आमच्या घरीं तीर्थरूप आजारी, मातुश्रींचे पाय सुजलेले. दूरच्या विहिरीवरून दिवसाकांठीं चार खेपा पाणी आणावें लागे. तें काम तेरा वर्षांच्या बहिणीकडे आलें. शाळा बुडूं लागली आणि पुढें सुटलीच. आम्ही मुलगे, आम्हांस मॅट्रिक व्हावयाचें होतें, म्हणून आमची शाळा सुटली नाहीं.

आतां हंसूं न येण्याचें कारण सांगतों. त्याच वर्षीं शाळेंत आम्हांस 'उन्हाळ्याची सुटी' हाच निबंध होता. आम्हीं एका बाजारी निबंधपुस्तकांतून तो उतरून काढिला. त्यांत आंबराई होती, कोकिळा होती आणि झुळझुळणारा ओढा होता. आम्हांस पैकीच्या पैकी गुण मिळाले. ज्या ओसरीवर बसून आम्हीं तो ओढा लिहिला, तिच्या पायरीवर आमची बहीण डोक्यावरचा हंडा उतरवीत होती. तो ओढा आम्हीं लिहिला. हंडा लिहिला नाहीं. पुढें पस्तीस वर्षें आम्हीं मुलांस निबंध शिकविला, पण त्या हंड्याविषयीं बहिणीस एका शब्दानेंहि विचारलें नाहीं. तें विचारण्याचें काम एका बारा वर्षांच्या मुलीस करावें लागलें.

नातीचा लेख तयार झाला तेव्हां घरांत थोडा वाद झाला. घरच्या उणिवा कागदावर कशाला, असें कित्येकांचें मत पडलें. आम्हीं ज्येष्ठ या नात्यानें निर्णय द्यावा, अशी अपेक्षा होती. परंतु या खटल्यांत आम्हीच आरोपी, न्यायाधीश कसे होणार? म्हणून लेख बहिणीस वाचून दाखविण्यांत आला. तिनें तो शांतपणें ऐकला व म्हटलें, "लिहिलें आहेस तें राहूं दे. माझें नांव घालूं नकोस. आणि हंडा कमरेवर लिहिला आहेस, तो डोक्यावर होता. कमरेवर कळशी होती. तेवढें दुरुस्त कर."

मुलांनो, लेखनकलेवर याहून चांगला पाठ आमच्यापाशीं नाहीं. जें झालें तें लिहावें. ज्याचें आहे त्यास वाचून दाखवावें, त्याची इच्छा असल्यास नांव झांकावें. पण हंडा जेथें होता तेथेंच ठेवावा. ज्या चिरंजीवांनीं यंत्राकडून निबंध मिळविला होता, त्यांनींहि तो बाजूस सारला आणि आत्याआजीस त्या विहिरीची वाट विचारली. दुसऱ्या दिवशीं पहाटे तो तेथवर रिकामी कळशी घेऊन गेला व भरलेली घेऊन आला. त्याच्या लेखांत फक्त पावलांची संख्या आहे आणि कोठें कोठें थांबावें लागलें तीं ठिकाणें आहेत. लेख एकच पृष्ठाचा आहे, पण तो त्याचा आहे.

आमच्या वाचकांस विनंती कीं, या सुटींत आपल्याहि घरीं असा एखादा अंक निघावा. मुलांस विषय शोधावयास दूर पाठवूं नये. घरांत जें माणूस सर्वांत कमी बोलतें, त्याच्यापाशीं त्यांस बसवावें. आणि मुलांनीं विचारलेला प्रश्न आपणांस टोंचला, तरी वडीलधाऱ्यांनीं त्यांस गप्प करूं नये. आमचा अंक मृगापूर्वीं बांधून तयार झाला. पहिली प्रत बहिणीच्या हातीं दिली, तेव्हां पन्नास वर्षांपूर्वीं विचारावयाचा प्रश्न आम्हींहि तिला विचारला. तिनें काय उत्तर दिलें तें मात्र आम्ही येथें लिहीत नाहीं. तें तिचें आहे.