मेगावॉटच्या पाटीमागचा इतिहास

१/१०
वीजकेंद्रांचा इतिहास आपल्याकडे उद्घाटनाच्या कोनशिलेवरून लिहिला जातो. क्षमता इतकी, खर्च इतका, हस्ते अमुक. या लेखनपद्धतीला माझा विरोध आहे. पाणी कोणाचे गेले आणि उजेड कोणाच्या घरी आला, हे जो इतिहास सांगत नाही, तो इतिहास नसून जाहिरात आहे.

२/१०
आरंभ मुळशीपासून करू. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. पुढे मुळशीच्या धरणात मावळ्यांची भातखाचरे बुडणार होती. १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला. तरीही धरण झाले, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र चालू झाले. कोनशिलेवर यांपैकी काय उरले?

३/१०
आता सोलापूरकडे वळू. दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंग येथे एप्रिल १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. निमित्त होते अस्पृश्य ठरवलेल्या समाजाच्या विहिरीच्या उद्घाटनाचे. चवदार तळ्याला तेव्हा दहा वर्षे झाली होती. पाण्यावरच्या हक्काचा लढा संपला नव्हता.

४/१०
जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. वीज हा विषय याच खात्याकडे होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेत पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार झाला.

५/१०
त्यांची मांडणी सरळ होती. शेतीवर माणसांचा भार पेलवत नाही. हे त्यांनी १९१८ च्या अल्पभूधारणेवरील निबंधातच दाखवले होते. म्हणून उद्योग हवेत, उद्योगांसाठी स्वस्त व मुबलक वीज हवी, आणि म्हणून वीज सरकारच्या हाती हवी. वीज हे साध्य नव्हे. दारिद्र्यातून सुटकेचे साधन होय.

६/१०
‘देशातली सारी धरणे बाबासाहेबांनीच बांधली’ अशा पोस्टही फिरतात. त्याही कोनशिलेचीच दुसरी प्रत आहेत; केवळ नाव बदलले. त्यांचे श्रेय धरणांच्या संख्येत शोधू नये. वीज कोणासाठी, हा प्रश्न त्यांनी शासनाच्या धोरणात आणला, हे श्रेय मोठे आहे.

७/१०
तोच प्रश्न आज वळसंगच्या तालुक्यात विचारून पाहा. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. फताटेवाडीत एनटीपीसीचे औष्णिक केंद्र उभे राहिले. ६६० मेगावॉटचे दोन संच, २०१७ व २०१९ मध्ये कार्यान्वित. एकूण १३२० मेगावॉट. ही वीज महाराष्ट्राबरोबर इतर राज्यांनाही जाते.

८/१०
औष्णिक केंद्र कोळशाइतकेच पाण्यावर चालते. वाफेने टर्बाइन फिरते. ती वाफ थंड करताना मोठे पाणी शीतकरण मनोऱ्यांतून हवेत उडून जाते. फताटेवाडीचे पाणी येते भीमेवरील उजनी धरणातून, शंभराहून अधिक किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने. त्याच उजनीच्या पाण्याखाली जुने पळसदेव गेले. पाणी ओसरले की त्याचे मंदिर वर येते. आणि उजनीवरच अवलंबून असलेल्या सोलापूर शहरात नळाला पाणी वर्षानुवर्षे काही दिवसांआड येत आले आहे.

९/१०
‘मग वीज नको का?’ हा प्रतिप्रश्न ठरलेलाच. वीज हवीच. कंदिलाचे गोडवे गाणारा माणूस बहुधा कंदिलाखाली अभ्यासाला बसलेला नसतो. आक्षेप वीजनिर्मितीला नाही. अर्ध्या हिशेबाला आहे. मेगावॉट मोजता, तर बुडालेले गाव, दिलेली जमीन आणि उडालेले पाणीही मोजा.

१०/१०
आपल्या जिल्ह्यातल्या वीजकेंद्राविषयी लिहाल, तेव्हा चार प्रश्न विचारा. जमीन कोणाची? पाणी कोठले? वीज कोणाला? निर्णय कोणाचा? वळसंगच्या विहिरीपाशी १९३७ मध्ये हेच विचारले गेले होते की, पाणी सर्वांचे, तर ते भरण्याचा हक्क काहींचाच का? तो प्रश्न विहिरीपुरता ठेवून वीजकेंद्राच्या दाराशी विसरणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही.

#इतिहास #सोलापूर #थ्रेड