सुरक्षितता ही चैनीची वस्तू नव्हे

प्रवासी मोटारींत सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. अंमलबजावणी १ ऑक्टोबर २०२२ पासून व्हायची होती. ती वर्षभर लांबणीवर पडली आणि नवी मुदत जवळ येताच, सप्टेंबर २०२३ मध्ये, अशी सक्ती करण्याचा विचार नसल्याचे वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी जाहीर केले. हा प्रश्न केवळ मोटारमालकांचा आहे असे समजून श्रमिक चळवळीने त्याकडे पाठ फिरवणे चुकीचे ठरेल.

समोरासमोरच्या टकरीत मोटार क्षणार्धात थांबते; आतील माणसाचे शरीर मात्र मूळ वेगानेच पुढे फेकले जाते आणि स्टिअरिंगवर वा काचेवर आदळते. एअरबॅगच्या यंत्रणेतील सेन्सर हा आघात टिपतो, रासायनिक द्रव्य पेटते, त्यातून वायू निर्माण होतो आणि सुमारे ३० ते ५० सहस्रांश सेकंदांत पिशवी फुगते. शरीर तिच्यावर टेकताच छिद्रांतून वायू बाहेर पडू लागतो. शरीराला थांबण्यास किंचित अधिक काळ मिळतो, आघात मोठ्या पृष्ठभागावर विभागला जातो आणि डोके व छाती यांचे रक्षण होते. बाजूने बसणाऱ्या धडकेत माणूस व आघात यांमध्ये जेमतेम एका दाराचे अंतर असते. तेथे पुढच्या दोन पिशव्या निरुपयोगी ठरतात. म्हणून बाजूच्या दोन व पडद्यासारख्या दोन, अशा एकूण सहांची मागणी होती. अर्थात एअरबॅग हा सीटबेल्टला पर्याय नव्हे; ती त्याची जोड आहे.

हे तंत्र नवे नाही. अमेरिकेत जॉन हेट्रिक यांना १९५३ मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास जनरल मोटर्सने एअरबॅग असलेल्या मोटारी विकल्याही. परंतु एप्रिल १९७१ मध्येच फोर्ड कंपनीचे हेन्री फोर्ड दुसरे व ली आयकोका यांनी अध्यक्ष निक्सन यांच्यापुढे सुरक्षा नियमांविरुद्ध गाऱ्हाणे मांडले होते. एअरबॅग अथवा आपोआप बसणारे पट्टे सक्तीचे करणारा १९७७ चा नियम रेगन सरकारने १९८१ मध्ये रद्द केला. ही कृती मनमानी असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये दिला. अखेर १९९१ च्या कायद्यान्वये १९९८ च्या मॉडेलांपासून सर्व मोटारींत पुढच्या दोन एअरबॅग आल्या. बाजारात आलेले तंत्र सर्वांपर्यंत पोहोचण्यास दोन दशके लागली. अडथळा विज्ञानाचा नव्हता, नफ्याचा होता.

आपल्याकडेही तेच घडले. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत भारतातील पाच लोकप्रिय लहान मोटारींच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलांना शून्य तारे मिळाले. तरीही चालकापुढील एअरबॅग सक्तीची होण्यास जुलै २०१९ उजाडला. निर्यातीच्या मोटारींत सहा एअरबॅग बसवणारे कारखानदार देशात विकायच्या मोटारींत त्या बसवण्यास कचरतात, हे खुद्द मंत्रिमहोदयांनीच २०२२ मध्ये सांगितले होते.

स्पर्धेमुळे कंपन्या स्वतःहून एअरबॅग देतील, हा सरकारचा युक्तिवाद. काहींनी त्या दिल्याही. परंतु भाड्याची टॅक्सी चालवणारा कामगार मॉडेल निवडत नाही. मालक निवडतो, आणि तो किंमत पाहून निवडतो. ट्रकच्या केबिनला तर एअरबॅगची सक्ती लागूच नाही. आणि केवळ सक्तीनेही भागत नाही. स्फोटाने धातूचे तुकडे उडवणाऱ्या एअरबॅग विकणाऱ्या जपानच्या ताकाता कंपनीने चाचण्यांची माहिती दडवल्याचा गुन्हा २०१७ मध्ये अमेरिकन न्यायालयात कबूल केला.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य दुचाकीस्वार व पादचारी होते. त्यांना कोणतीही एअरबॅग वाचवू शकत नव्हती. म्हणून सुरक्षित पदपथ, सार्वजनिक वाहतूक आणि चालकांच्या कामाच्या तासांवर मर्यादा या मागण्या आपण सोडता कामा नये. त्यांच्याच जोडीने सहा एअरबॅगची सक्ती, ट्रकचालकांना तेच संरक्षण आणि सुट्या भागांची सरकारी तपासणी यांसाठी वाहतूक कामगारांच्या संघटनांनी आवाज उठवला पाहिजे. माणसाचा जीव त्याच्या खिशाच्या मापाने मोजणारी व्यवस्था आपणहून बदलत नसते. संघटित शक्तीच तिला बदलण्यास भाग पाडते.