आटे जुळले पाहिजेत

घरांतील जुनी वस्तु मोडींत काढावी कीं सांभाळावी, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत वर्षांतून एकदां तरी उपस्थित होतोच. आमच्या येथें यंदां तो एका सायकलीवरून उपस्थित झाला. आमच्या तीर्थरूपांनीं 1953 सालीं घेतलेली ही रॅले सायकल ऑगस्ट 2019 च्या पंचगंगेच्या महापुरांत बुडाली व पुढें माळ्यावर गंजत पडली. धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं पदवीपरीक्षा आटोपतांच ती दुरुस्त करून पन्हाळ्यास नेण्याचा संकल्प सोडला.

सायकल उलगडूं लागतांच दिसून आलें कीं, ती नांवापुरतीच रॅले आहे. चौकट नॉटिंगहॅमची; पण चेनच्या दातेरी चक्रावर ‘बीएसए’ हीं बर्मिंगहॅमच्या बंदुका करणाऱ्या कंपनीचीं अक्षरें. मागील चाकाच्या तुंब्यांत स्टर्मी-आर्चरची तीन वेगांची यंत्रणा. तिच्या कवचावर 52 हा आंकडा ठोकलेला, म्हणजे ती 1952 सालची. पुढील रिम देशी, बैठक ब्रुक्सची. “ही सारी भेसळ काढून विलायतेहून अस्सल भाग मागवूं,” असें पुतण्याचें मत पडलें.

नव्वदीच्या घरांत असलेल्या आमच्या मातोश्रींस हें रुचलें नाहीं. चक्र आलें तें आक्काच्या लग्नाच्या वर्षीं, रिम बदलली ती टांग्याशीं टक्कर झाली तेव्हां, हें त्यांस मुखोद्गत होतें. 1956-57 च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर कडक निर्बंध आले. विलायती सुटा भाग मिळणें दुरापास्त झालें, आणि जें हातीं लागेल त्यावर गृहस्थांनीं सायकली चालत्या ठेविल्या. ज्यास पुतण्या भेसळ म्हणत होता, तें वस्तुतः आमच्या घरचें जमाखर्चाचें बाडच होतें.

शिवाय दुरुस्तीचें काम हलकें मानण्याचें कारण नाहीं. 1888 सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधु रामुअण्णा यांनीं बेळगांवीं जें दुकान घातलें तें सायकलींचेंच होतें. लोखंडी नांगर व किर्लोस्करवाडी हीं मागाहून आलीं.

तथापि मिश्रणास मर्यादा आहे. एका कंपनीचें चक्र दुसरीच्या चौकटीवर सुखानें फिरतें. परंतु आट्यांचें तसें नाहीं. जुन्या रॅलेच्या चौकटींत पायडलाच्या कण्याच्या ज्या वाट्या बसतात त्यांस इंचास 26 आटे असतात. बीएसएच्या व बहुतेक इतर इंग्रजी सायकलींच्या वाट्यांस 24. व्यास जवळजवळ सारखा, त्यामुळें परकी वाटी पहिला एखादा फेरा मुकाट्यानें घेते व मग अडते. तेथें पान्यावर जोर केला कीं वाटी आंत जाते खरी, पण चौकटीचे आटे खाऊन जाते. चाकांचेंहि तसेंच: जुन्या इंग्रजी पद्धतीनें पुढें 32 व मागें 40 आरे असतात, 36 छिद्रांची रिम त्या तुंब्यांवर बसणार नाहीं.

आमच्या सायकलीची डावी वाटी नेमकी अशीच निघाली. ती काढतांना पोलादाचा चुरा गळाला. ‘हें कोणा अडाण्याचें काम?’ असें आम्ही बोलून गेलों. मातोश्री शांतपणें म्हणाल्या, “तुमच्या वडिलांचें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं परीक्षेच्या कामावर वेळेवर पोंचायचें होतें. हातोडा त्यांनीं मारला, कंदील मीं धरला होता.”

आम्ही निरुत्तर झालों. साऱ्या सायकलींत तीर्थरूपांच्या हातची खूण म्हणावी अशी तीच एक वाटी होती, आणि काढून टाकण्याजोगीहि तीच होती. ती तशीच ठेवून पन्हाळ्याच्या चढावर पोरानें उभें राहून पायडल दाबलें असतें, तर कणा डगमगून तो रस्त्यावर पडला असता. पुतण्या आजीकडे पाहत राहिला. त्या म्हणाल्या, “त्या रात्रीं त्यांना दुसरा इलाज नव्हता, बाळ. तुला आहे. काढ ती.”

उद्यमनगरांतील एका लेथवाल्यानें चौकटीचे उरलेले आटे साफ केले, इंचास 26 आट्यांची नवी वाटी कांतली व तिला पाणी दिलें. गंज ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य पाण्यानें, हातमोजे घालून काढला. छर्रे नवे घातले. चक्र, देशी रिम, स्टर्मी-आर्चर, सर्व जेथल्या तेथें राहिलें.

ज्या वाचकांच्या माळ्यावर अशी सायकल असेल त्यांस आमची एवढीच सूचना कीं, भागावरील नांव पाहूं नका. तो बोटांनीं फिरवून पाहा. तीन-चार फेरे बोटांनीं फिरला तर तो आपला. पहिल्याच फेऱ्यास पाना लागला तर तेथेंच थांबा. उजव्या वाटीचे आटे मात्र इंग्रजी पद्धतींत उलटे असतात, हें विसरूं नका. आणि निरनिराळ्या घरांतून आलेलीं माणसें एका चौकटींत नांदवितांनाहि हीच कसोटी उपयोगी पडते, हें आमच्या वाचक भगिनींस आम्हीं सांगावें असें नाहीं.

गेल्या रविवारीं पुतण्या पन्हाळ्यास जाऊन सुखरूप परतला. ती जुनी वाटी मातोश्रींनीं पुसून आपल्या फडताळांत ठेविली आहे.