सातबारा नसलेल्याचे नुकसान

अतिवृष्टी जात पाहत नाही, असे आपण नेहमी ऐकतो. ते खरे आहे. परंतु अतिवृष्टीमागून येणारा पंचनामा सातबारा पाहतो, आणि सातबारा कोणाच्या नावे असावा व कोणाच्या नसावा, हे या देशात बव्हंशी जातीनेच ठरविले आहे.

नंदुरबार जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. अवकाळी पाऊस आला की मिरची, कापूस व पपई मातीमोल होतात. केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरविलेल्या निकषांप्रमाणे, पिकाचे ३३ टक्के वा अधिक नुकसान झाल्यास जिरायतीस हेक्टरी ८,५०० व बागायतीस १७,००० रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. ही रक्कम तुटपुंजी आहे. ती वाढवून मागणाऱ्या शेतकऱ्यास आमचा पाठिंबाच आहे. परंतु मिरचीच्या पथारीवर जिची मजुरी बुडाली ती बाई, बटाईच्या शेतात ज्याने स्वतःचे बियाणे पेरले तो कुळवाडी, आणि ज्याचा वनहक्काचा दावा अद्याप निकाली निघाला नाही तो आदिवासी, यांचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहावयाचे?

कोणी म्हणेल, मजुराने भांडवल घातलेच नाही, मग त्याचे बुडाले काय? हंगामाची मजुरी हेच मजुराचे पीक होय. ते बुडाले की त्याच्यापुढे ऊसतोडीसाठी गुजरातची वाट तेवढी उरते.

कायदा असा आंधळा नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ याचे कलम १२ आपत्तिग्रस्त व्यक्तींविषयी व त्यांचे उपजीविकेचे साधन पुन्हा उभे करण्याविषयी बोलते. केवळ खातेदाराविषयी नव्हे. किमान साहाय्याचे हे कर्तव्य ऐच्छिक नसून बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने कोविडमृत्यूंच्या प्रकरणी ३० जून २०२१ रोजी स्पष्ट केले. उपजीविका हिरावलेल्या कुटुंबांसाठी निर्वाहसाहाय्याची तरतूद केंद्राच्या निकषांतही आहे. परंतु ज्याची नोंदच होत नाही, त्याला तरतुदीचा उपयोग काय?

कूटदंत सुत्तात तथागतांनी महाविजित राजाची कथा सांगितली आहे. राज्यातील अशांती दंडाने मिटणार नाही. शेतकऱ्यास बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल व राजसेवकास वेतन दे, असा सल्ला त्या राजास मिळाला. ज्याची जी उपजीविका, त्यास तसे साहाय्य. एकास दिले म्हणजे सर्वांस पोहोचले, असे त्यात म्हटलेले नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक पंचनाम्यास येतील तेव्हा त्यांनी बटाईदार व मजूर यांचीही नोंद करावी आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. अक्राणी व अक्कलकुव्यासारख्या अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेस १९९६ च्या पेसा कायद्याचे बळ आहेच.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. ती जमीन अजून अनेकांना मिळालेली नाही. निदान जमीन नाही म्हणून नुकसानही नाही, हा न्याय तरी आम्ही चालू देता कामा नये. बंधुभगिनींनो, १९५६ साली आपण धम्म स्वीकारला तो हात पसरण्यासाठी नव्हे. पुढच्या पंचनाम्याच्या वेळी आपले नाव लिहून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

जय भीम!