आमच्या पश्चात् याचें काय?

“आमच्या पश्चात् याचें काय?” ज्या घरांत मतिमंद मूल आहे त्या घरांत हा प्रश्न मुलाच्या जन्मापासूनच वस्तीस येतो. मूल लहान आहे तोंपर्यंत तो कोपऱ्यांत गप्प बसून असतो. पुढें मुलगा तिशीचा होतो, बापाचे गुडघे धरूं लागतात, आईला जागरण सोसेनासें होतें, आणि मग हा प्रश्न रोज पानाशेजारीं येऊन बसूं लागतो. आईबापांच्या तोंडीं तो शोभतो. त्यामागच्या वेदनेपुढें कोणीहि मान लववावी. परंतु समाजानेंहि तोच प्रश्न जसाच्या तसा उचलला असून त्याचीं दोन ठराविक उत्तरें तयार करून ठेविलीं आहेत. पहिलें, “भाऊ-भावजय पाहतील”, दुसरें, “गांवाबाहेर एखादी चांगली संस्था आहे, तेथें ठेवावें.” हीं दोन्ही उत्तरें चुकीचीं आहेत, आणि प्रश्नहि मुळांतच चुकीचा मांडला गेला आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. तें कित्येकांस रुचणार नाहीं हें ठाऊक असूनहि मी तें येथें मांडीत आहें.

आरंभीं शब्दाविषयीं एक खुलासा. ‘मतिमंद’ हा शब्द टाकून ‘बौद्धिक दिव्यांग’ असें म्हणण्याचा प्रघात आतां पडला आहे, आणि ज्या शब्दानें माणसाचा उपमर्द होतो तो टाकणें योग्यच होय. पण शब्द बदलला म्हणजे खोली बदलत नाहीं. काल मतिमंद म्हणून मागच्या खोलींत बसविलेला इसम आज दिव्यांग होऊन त्याच खोलींत बसला आहे. माझा वाद त्या खोलीशीं आहे.

हा प्रश्न आपल्या आजोबांच्या पिढीस आजच्या इतका पडत नसे. आणि त्याचें कारण त्या पिढीचें औदार्य नसून मृत्यु हें होतें. डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेलीं मुलें त्या काळीं बहुधा बालपणींच दगावत. अमेरिकेसारख्या संपन्न देशांतहि अशा व्यक्तींचें सरासरी आयुर्मान १९८३ च्या सुमारास २५ वर्षेंच होतें. आज तें साठीच्या घरांत गेलें आहे. निसर्ग जो प्रश्न क्रूरपणें सोडवीत असे तो वैद्यकानें आपल्या पदरांत टाकिला आहे. भारतांत २०११ च्या जनगणनेंत मतिमंद या सदराखालीं १५ लक्षांहून अधिक व्यक्तींची नोंद झाली. त्यांतलीं मुलें आतां मोठीं झालीं आहेत, आणि बहुतेक आईबापांच्या मागें उरणार आहेत.

आतां त्या ‘पश्चात्’ या शब्दाकडे पाहा. घरांतला थोरला मुलगा पंचविशीचा झाला, नोकरीस लागला, कीं तो दुसरें बिऱ्हाड करतो. मुलगी सासरीं जाते किंवा आपल्या पायांवर उभी राहून परगांवीं राहते. त्यांच्या बाबतींत “आमच्या पश्चात्” असें कोणी म्हणत नाहीं. धाकट्याचें प्रौढपण मात्र आईबापांच्या मरणापर्यंत तहकूब ठेवण्यांत येतें. चाळिसाव्या वर्षींहि त्याला ‘बाळ’ म्हणून हांक मारतात, त्याचा शर्ट आई निवडते, त्याच्या खिशांत दहा रुपयेहि नसतात. मग एके दिवशीं आई जाते. त्या एकाच दिवशीं त्याची आई जाते, त्याचें अंथरूण जातें, त्याची गल्ली जाते, त्याला नांवानें ओळखणारा वाणी जातो. आणि ज्या जागेचें त्यानें कधीं तोंडहि पाहिलें नाहीं तेथें त्याला पोंचविण्यांत येतें. शहाण्यासुरत्या माणसालाहि जो आघात पेलवणार नाहीं तो आपण नेमका दुबळ्याच्या वांट्यास राखून ठेवितों, आणि या व्यवस्थेस प्रेम असें नांव देतों. प्रश्न ‘पश्चात्’चा नाहींच, तो आजचा आहे. आईबापांचे हातपाय चालत आहेत, रविवारीं भेटीस जातां येतें, रडलें तर समजूत घालतां येते, अशा काळींच या मुलांनीं आपापल्या घरीं राहावयास जावें, हेंच न्याय्य आणि हेंच दयेचेंहि आहे.

“भाऊ-भावजय पाहतील” या उत्तरावर फार शब्द खर्चण्याचें कारण नाहीं. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांनीं जुन्या वाड्यांतली खरी स्थिति आठवावी. तेथें अशा मुलाला भाकरी मिळे, हें कबूल. पण बहिणीचें स्थळ पाहावयास पाहुणे आले कीं त्याला माडीवर कोंडीत. आणि त्याचें न्हाणें-माखणें जिच्या अंगावर पडे ती बहुधा घरांतलीच एखादी विधवा आत्या असे. घरानें टाकलेलीं दोन माणसें एकमेकांस सांभाळीत, आणि पुण्य मात्र कर्त्या पुरुषाच्या नांवावर जमा होई. ती आत्या आज उरली नाहीं, आणि ती उरूं नये अशीच आपली इच्छा असली पाहिजे. तिचें ओझें भावजयीच्या माथीं द्यावयाचें तर आधीं तिला विचारावें. तिला कोणीहि विचारीत नाहीं.

दुसरें उत्तर अधिक आदरानें तपासलें पाहिजे, कारण त्यामागें अनेकांचें आयुष्यभराचें कष्ट आहेत. मुंबईंत १९४४ सालीं जय वकील शाळा निघाली, पुण्यांत १९६४ सालीं कामायनी निघाली; या मुलांना शिकवितां येतें हें ज्यांनीं समाजास दाखवून दिलें त्यांचें ऋण मोठें आहे. पण शाळेची घंटा एका वयाला संपते. पुढें माणूस पन्नास वर्षें जगतो, आणि त्या पन्नास वर्षांसाठीं आपल्याला सुचतें तें शाळेचेंच मोठें रूप: शंभर खाटांचें वसतिगृह, एक भटारखाना, एक वेळापत्रक, फाटकावर पहारेकरी. अशा संस्थांचे चालक दुष्ट असतात असें मी म्हणत नाहीं. माझें म्हणणें याहून कठोर आहे: ते सज्जन असले तरी हा सांचाच माणसाला घडूं देत नाहीं. एका मदतनिसाकडे वीस माणसें सोंपविलीं कीं तो त्यांना जेवूं घालूं शकतो, पण “आज तुला काय खावेंसें वाटतें?” हें विसांना विचारूं शकत नाहीं. आणि जें विचारलें जात नाहीं तें सांगावयाचें माणूस विसरतो.

हा सांचा टोकाला गेला म्हणजे काय होतें हें जगानें पाहिलें आहे. न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील विलोब्रूक ही संस्था चार हजारांसाठीं बांधलेली. तींत एके काळीं सहा हजार माणसें कोंबलीं होतीं. १९७२ सालीं दूरचित्रवाणीनें तेथील नग्न, मलमूत्रांत बसलेलीं माणसें घरोघर दाखविलीं; १९७५ सालीं न्यायालयामार्फत झालेल्या तडजोडीनें या माणसांना वस्तींतील लहान घरांत हलविण्याचें ठरलें, आणि १९८७ सालीं ती संस्था बंद झाली. हें परदेशचें झालें असें कोणी म्हणेल, तर पुणें जिल्ह्यांतील शिरूर आठवावें. १९९४ सालीं तेथील सरकारी संस्थेंतल्या कांहीं मतिमंद तरुणींचीं गर्भाशयें पुण्याच्या सरकारी रुग्णालयांत काढून टाकण्यांत आलीं. कारण सांगितलें तें असें कीं मासिक पाळीच्या वेळीं त्यांना स्वच्छता राखतां येत नाहीं. स्त्री-संघटनांनीं आवाज उठविला तेव्हां तो प्रकार थांबला. पण त्याचें समर्थन करावयास सुशिक्षितांतलीच कांहीं मंडळी पुढें आली होती, हें विसरतां येत नाहीं. विलोब्रूकला क्रौर्य होतें असें म्हणून सुटतां येईल. शिरूरला सोय होती. सांभाळणारे हात अपुरे पडले म्हणून हात वाढविण्याऐवजीं सांभाळावयाचीं शरीरेंच कांटछांट करून संस्थेच्या मापाचीं करण्यांत आलीं.

मग हवें तरी काय? उत्तर साधें आहे. नेहमींच्या वस्तींतलें नेहमींचें घर. त्यांत चार-पांच माणसें, स्वतःची खोली नाहीं तर निदान स्वतःचें कपाट व त्याची किल्ली, आणि पाळीपाळीनें येणारे, शिकून तयार झालेले, पुरेसा पगार मिळणारे मदतनीस. कोणाला आंघोळीस मदत लागेल, कोणाला केवळ पैसे मोजून द्यावे लागतील. ज्याला जितकी लागेल तितकीच द्यावयाची, अधिक नाहीं. सकाळीं प्रत्येकानें आपापल्या कामास वा कार्यशाळेंत जावें, संध्याकाळीं भाजी आणावी, डाळ जास्त शिजली म्हणून भांडावें. यांत स्वप्नरंजन कांहीं नाहीं. स्वीडननें १९९७ च्या कायद्यान्वयें आपल्या मोठ्या संस्था १९९९ च्या अखेरीपर्यंत बंद करावयाचें ठरविलें, आणि त्यांतलीं माणसें अशाच घरांतून राहूं लागलीं.

“पण अतितीव्र दिव्यांगांचें काय?” असा आक्षेप येतो. विलोब्रूकमधून वस्तींत आलेल्यांत, ज्यांना बोलतां येत नव्हतें व घांसहि भरवावा लागे, असेहि पुष्कळ होते. “खर्च फार.” खर्च होतो, आणि त्यांतला मोठा भाग मदतनिसांच्या पगाराचा असतो, हें खरें. पण आजची व्यवस्था स्वस्त दिसते ती आईच्या चाळीस वर्षांच्या श्रमांची किंमत शून्य धरल्यामुळें. “लहान घरांतहि छळ होऊं शकेल.” होऊं शकेल, चार जणांनाहि कुलूपांत ठेवतां येतें. म्हणूनच तें घर गांवाबाहेर नको, वस्तींत हवें. आठवडाभर अमका जिन्यांत दिसला नाहीं, अमकीच्या हाताला जखम कसली, हें वर्षांतून एकदां येणाऱ्या तपासनिसापेक्षां समोरच्या दारांतल्या काकूंना आधीं कळतें. शेजार ही या घरांची शोभा नव्हे. ती त्यांची खरी राखण आहे.

आणि येथेंच गाडें अडतें. सरकारवर दोषारोप करणें सोपें आहे, व त्याला जागाहि आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें अशा व्यक्तींस पालक नेमून देण्याची सोय केली. पण पालक म्हणजे घर नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पांचव्या कलमानें समाजांत राहण्याचा हक्क मान्य केला. पण अमुकच ठिकाणीं राहण्याची सक्ति कोणावर होऊं नये यासाठीं सरकारनें काय करावें, तर ‘प्रयत्न’. तथापि सरकारनें उद्यां पैसा ओतला तरी तिसऱ्या मजल्यावरचें बिऱ्हाड द्यावयाचें आहे तें तुम्हांआम्हांलाच. माझ्या माहितीच्या एका गृहनिर्माण संस्थेंत अशाच घराचा विषय निघाला, तेव्हां पदवीधरांनीं भरलेल्या त्या सभेंत तीन आक्षेप आले: इमारतींत लहान मुली आहेत, सदनिकांच्या किमती पडतील, आणि “त्यांच्याच भल्यासाठीं” त्यांना मोकळ्या हवेंत ठेवावें. तिसरा आक्षेप घेणाऱ्या गृहस्थांनीं स्वतः मोकळ्या हवेंत जाण्याची तयारी दर्शविली नाहीं.

या आक्षेपांत नवें कांहीं नाहीं. अमेरिकेंत टेक्सस राज्यांतील क्लीबर्न या गांवच्या नगरपालिकेनें तेरा बौद्धिक दिव्यांगांच्या घरास परवानगी नाकारली होती. शेजारी घाबरतात, समोरच्या शाळेंतलीं मुलें त्यांना चिडवतील, जागा पांचशें वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराच्या पट्ट्यांत येते, अशीं तिचीं कारणें. १९८५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें दाखवून दिलें कीं त्याच शाळेंत असे सुमारें तीस विद्यार्थी शिकत होते, आणि त्याच जागीं रुग्णालय काढावयाचें असतें तर अशी परवानगी लागलीच नसती. पूर रुग्णांना बुडवीत नाहीं, दिव्यांगांनाच बुडवितो, असा त्या नगरपालिकेचा भूगोल असावा! ही नकारघंटा अविवेकी पूर्वग्रहांतून आली, असें न्यायालयानें ठरविलें. किमतींचें म्हणाल, तर ज्युलियन वोल्पर्ट यांनीं १९७८ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील अशा घरांच्या शेजारपाजारचा अभ्यास केला. त्यांत किमती घसरल्याचें आढळलें नाहीं. आणि लहान मुलींच्या भीतीविषयीं एवढेंच म्हणतों कीं बौद्धिक दिव्यांग व्यक्ति अत्याचार करणारी असण्यापेक्षां त्याची बळी असण्याचा संभव कितीतरी अधिक असतो. भीति वाटावयाची तर ती त्यांना आपली वाटावी.

आपला वर्ग निर्दय आहे असें मी म्हणणार नाहीं. १९९१ सालच्या ‘चौकट राजा’ चित्रपटांतील नंदूसाठीं आपण भरल्या थिएटरांत डोळे पुसले. मुलाच्या वाढदिवशीं आपण संस्थेंत जाऊन जिलबीचें जेवण घालतों, छायाचित्र काढतों, आणि अंधार पडावयाच्या आंत घरीं परततों. आपली करुणा खरी आहे, पण तिला अंतर लागतें. नंदू पडद्यावर हवा, जिन्यावर नको. जेवण घालणाऱ्याला वर्षांतून एक दिवस लागतो. शेजाऱ्याला रोज दार उघडावें लागतें, आणि म्हणूनच पहिल्या कामाला माणसांची रांग लागते.

तेव्हां मागणें थोडें आहे. आईबापांनीं मुलाला तिशीच्या आंत घराबाहेर राहावयाची संवय लावावी, प्रथम आठवड्यांतून दोन रात्री, मग चार. ज्यांच्यापाशीं सदनिका आहे अशा चार-पांच कुटुंबांनीं एकत्र येऊन ती या कामास द्यावी. सरकारनें इमारती बांधण्यापेक्षां मदतनिसांचे पगार द्यावे. आणि पुढील वार्षिक सर्वसाधारण सभेंत असें बिऱ्हाड येण्याचा विषय निघाला, तर वाचकहो, आपण बोलावें. गप्प बसलेल्या सज्जनांच्या मतांवरच आजवर हे ठराव फेटाळले गेले आहेत.